एक जूनची शर्यत

पोशीर,
१६ एप्रिल २०२५

हर्षला बाय,

पुतळाआत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. विहारात जयंतीची पताका लावायचं काम चाललं होतं. मी पायरीवर बसून वाचलं, मंग उठून आत गेले आणि परत वाचलं. बचत गटातली नंदा खिळे घेऊन समोर उभी राहून हात हलवत होती, तरी माझं लक्ष नाय. टीमच्या दुसऱ्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून तुझी निवड झाली हे तू एका ओळीत लिवलंस. मी असते तर चार पानं भरली असती.

केतनच्या मोबाईलवर निरोप पाठवू नको, पत्रच लिव. केतन माझा पोरगा असला तरी तो मजकूर वाचून दाखवतो म्हणजे घाईत ओठ हलवतो आणि निम्मं गाळतो. माझे कान गेले त्याला बारा वर्षं झाली, पण डोळे अजून चांगले हायत. कागदावरचं कोण गाळू शकत नाय.

आपण दोघी फेब्रुवारीत त्या परदेशातल्या गाड्या बघायचो, आठवतं का? चाळीस गाड्या, दिसायला रस्त्यावरच्यासारख्याच, आणि गोल गोल फिरत एकमेकींना घासणाऱ्या. मोसमातली पहिली शर्यत आपण कधी चुकवली नाय. सिनेमा बघताना, लग्नात, बचत गटाच्या मीटिंगीत मला अर्धवट कळतं. गाड्यांच्या शर्यतीत कोण बोलतच नाय. कोण पुढं गेला, कोणाचा टायर गेला, कोण घाबरला, सगळं दिसतं. तिथं मी कोणापेक्षा कमी नसते. आणि आता आपल्या देशातल्या तसल्याच शर्यतीत एक गाडी आपल्या घरची असणार.

जगदीशला मी सांगितलं. खालापूरला गॅरेजात जाऊनच सांगितलं. तो गाडीखाली होता, बाहेर आला नाय. मी त्याची मोठी बहीण, मी त्याचे पाय बघत बोलले. तू ऑक्टोबरात गेलीस त्या दिवशी तो तुला काय बोलला ते मी त्याच्या तोंडावर वाचलं होतं. "ज्या गाडीतनं माणूस ओढून काढावा लागतो, ती शेवटी माझ्याकडं येते. तुझी गाडीपण मीच सरळ करू काय?" सहा महिने झाले, बापलेकीत एक शब्द नाय. तुझी आई असती तर तिनं मधे पडून मिटवलं असतं. मला ते जमत नाय.

तारीख कळव. मला दिवस मोजायचेत.

तुझी,
पुतळाआत्या

———

कोईमतूर,
२४ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

जयभीम.

तारीख ठरली. एक जून, रविवार, दुपारी दोन वाजता. मोसमातली पहिली शर्यत. बारा फेऱ्या, एकूण सोळा गाड्या, मुली आम्ही दोघीच.

गाडी कशी आहे विचारशीलच, म्हणून आधीच सांगते. रस्त्यावर धावते तीच गाडी, बाबांच्या गॅरेजात रोज येते तशी. आतल्या सीटा, गालिचा, काचा वर करायचं यंत्र, सगळं काढून टाकलंय. फक्त ड्रायव्हरची सीट आणि तिच्याभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा. दार लावलं की भांड्यात बसल्यासारखं वाटतं. माझा नंबर सत्तावीस. दारावर पांढऱ्या रंगात लिहिलाय, खाली माझं आडनाव.

सुरुवातीला पाच लाल दिवे एकेक करून लागतात. सगळे लागले की थांबायचं. किती वेळ ते कुणालाच माहीत नसतं. मग पाचही एकदम विझतात, तेव्हा सुटायचं. आत्या, विझण्याची वाट बघायला शिकवतात इथे. मला ते लवकर जमलं. आमचे मुख्य मेकॅनिक तमिळ आहेत, कमी बोलतात. मी इंजिनाचा आवाज ऐकून तिसरा प्लग गेलाय म्हणाले, तेव्हा त्यांनी विचारलं कुठे शिकलीस. मी म्हटलं, खालापूरला. त्यांना ते नावही माहीत नव्हतं. बाबांचं नाव घ्यायचं होतं, पण मी प्लग बदलायला वळले.

बाबा काही म्हणाले का? नसतील म्हणाले तरी लिही.

तुझी,
हर्षला

———

पोशीर,
३ मे २०२५

हर्षला बाय,

जयभीम. आता एकोणतीस दिवस राहिले.

पहिल्यांदा बापाचंच लिवते. गेल्या रविवारी जगदीश जेवायला आला होता. मी भाकरी थापत होते. त्यानं माझ्या खांद्याला हात लावला, म्हणजे बोलायचं हाय. मी वळले तर तो भिंतीकडं बघतोय. मला ओठ दिसल्याशिवाय कळत नाय हे त्याला ठाऊक हाय, तरी. मी त्याची हनुवटी धरून तोंड वळवलं. तो म्हणाला, "पिंजऱ्याचा पाइप वेल्डिंगचा हाय का अख्खा वाकवलेला?" मी म्हटलं तूच विचार तिला. मंग परत जेवत बसला. जाताना कॅलेंडरापाशी थांबला. एक जूनला मी लाल गोल केलाय, तो त्यानं बघितला.

तेव्हा तू पाइपाचं नक्की लिव. मी त्याला वाचायला देईन.

इकडं तयारी जोरात हाय. विहाराच्या हॉलमधे मोठा पडदा लावायचा ठरलंय. केतन त्याच्या दोस्ताकडनं मशीन आणणार, मोबाईलवरची शर्यत त्याच्यावर दिसते म्हणे. नंदानं गटातल्या बायांना सांगितलं, त्यांनी कडावला माहेरी सांगितलं. शाळेच्या खुर्च्या मागितल्यात. मी बायांना आधीच शिकवून ठेवते. झेंडा कुठला म्हणजे काय, आत घुसणं म्हणजे काय. त्या हसतात, पण ऐकतात.

एक माझं ऐक. पहिल्या वळणावर घाई करू नको. त्या परदेशातल्या शर्यतीत पहिल्या वळणावर जे घुसतात त्यातले निम्मे भिंतीला जातात, मी वर्षानुवर्षं बघितलंय. चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत दम धर. टायर गरम होऊ देत. तुला हे सगळं माहीत असणार, तरी मला लिवल्याशिवाय बरं वाटत नाय.

तुझी,
पुतळाआत्या

———

कोईमतूर,
१२ मे २०२५

प्रिय आत्या,

जयभीम. आज बुद्धपौर्णिमा, तुम्ही खीर केली असेल.

अक्षर वाकडं आलंय, बसमध्ये बसून लिहितेय. रस्ता खराब आहे.

सराव चालू आहे. इकडे ऊन फार आहे. पिंजऱ्याचे पाइप अख्खे वाकवलेले आहेत, जोड फक्त खाली जमिनीपाशी, बाबांना सांग. ते मजबूत आहेत. खूप मजबूत आहेत.

आत्या, पडद्याचं एवढं नको करूस. पहिलीच शर्यत आहे. कॅमेरा पुढच्या दोन-तीन गाड्यांवरच असतो, मागच्या दिसतही नाहीत. बायका कंटाळतील. शिवाय ऐनवेळी काहीही होतं, गाडी सुरूच होत नाही कधीकधी. खुर्च्या वगैरे राहू दे. तू आणि केतन मोबाईलवर बघा, नाहीतर नंतर मी सांगेनच.

जास्त लिहीत नाही. उतरायचं आलं.

हर्षला

———

पोशीर,
१९ मे २०२५

हर्षला बाय,

जयभीम. तेरा दिवस राहिले.

पाकिटावर शिक्का पनवेलचा दिसेल. केतनच्या टेंपोचं काम निघालं, त्याच्याबरोबर इथं आले आणि इथूनच पत्र टाकते.

तुझं अक्षर बघून मला हसू आलं. बस कसली गं? शर्यत जवळ आली की मलापण हात थरथरल्यासारखं होतं. मी तर नुसती बघणार, तू चालवणार. भीती वाटली तर वाटू दे. पडदा मात्र लागणारच. आता तो माझ्या हातात राहिला नाय. नेरळहूनपण माणसं येतो म्हणतायत. मागच्या गाड्या दिसत नाय म्हणतेस, तर दिसेपर्यंत आमी बसून राहू.

जगदीश बरा हाय. पाइपाचं त्याला सांगितलं, त्यानं मान हलवली. उन्हामुळं गॅरेज थोडे दिवस बंद ठेवलंय. तू त्याची काळजी करू नको, घरी फोन करू नको, कोणाला काय विचारत बसू नको. डोकं फक्त गाडीवर ठेव. तुझ्या बापाचीपण तीच इच्छा हाय, हे मी माझ्या मनचं लिवत नाय.

पोटभर खा. झोप काढ. माझं लक्ष एक तारखेवर.

तुझी,
पुतळाआत्या

———

कोईमतूर,
२५ मे २०२५

आत्या,

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतेय.

बाबांनी गॅरेज बंद ठेवलं हे वाचलं आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आई गेली तेव्हाही त्यांनी तिसऱ्या दिवशी शटर उघडलं होतं. उन्हासाठी ते गॅरेज बंद ठेवणार नाहीत, मला माहीत आहे. ते इकडे यायला निघतायत ना? तुम्ही दोघं मिळून मला न सांगता येणार आहात. म्हणूनच फोन करू नको म्हणालीस. केतनला विचारलं तर तो नुसतं "सगळं ठीक आहे" एवढंच पाठवतो.

त्यांना येऊ देऊ नकोस. मी शर्यतीत नाही.

सात मेला सरावात माझी गाडी भिंतीवर गेली. कुणी धक्का दिला नाही, ब्रेक फेल झाले नाहीत. मी वळणावर उशिरा ब्रेक मारला, कारण माझ्यापुढचा मुलगा उशिरा मारत होता आणि मला त्याच्यापेक्षा उशिरा मारायचा होता. पहिलंच वळण होतं, आत्या. तुझं पत्र दोन दिवसांनी मिळालं.

उजव्या मनगटाचं हाड मोडलंय. दीड महिना प्लास्टर. पेन दोन बोटांत धरून लिहितेय, बस वगैरे काही नव्हती. गाडी दुरुस्त होण्यासारखी नाही असं मुख्य मेकॅनिक म्हणाले. मला खूप वाटलं की बाबांना एकदा ती दाखवावी, ते म्हणाले असते होईल की नाही. पण त्यांच्यासमोर ती गाडी कुठल्या तोंडानं नेणार होते? ते जे बोलले होते तेच झालं. फक्त मला ओढून काढावं लागलं नाही, मी चालत बाहेर आले.

आठ तारखेलाच टीमनं सांगितलं, घरी जा, हात बरा करून ये. मी गेले नाही. इथेच थांबले, टायर मोजते, ट्रॅकच्या कडेला फेऱ्यांची पाटी धरते. तुझा लाल गोल डोळ्यांसमोर यायचा आणि पेन उचललं की खोटंच लिहिलं जायचं.

पडदा लावू नकोस. लोकांना काय सांगायचं ते तू ठरव. खरं सांगितलंस तरी चालेल.

हर्षला

———

पनवेल,
५ जून २०२५

आत्या,

केतनच्या हाती हे पाठवतेय. मी एक तारखेला सकाळी इथे हॉस्पिटलात पोचले, तर तू पहाटेच्या गाडीनं पोशीरला निघून गेली होतीस. केतन म्हणाला, तुला कणकण आहे. चार दिवस झाले तरी तू आली नाहीस, तेव्हा कणकण नाही हे मला कळलं.

केतनवर चिडू नकोस. तो तीस तारखेला कपडे न्यायला घरी गेला, माझं पाकीट दारात पडलेलं, त्यानं फोडलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं मला फोन केला आणि रडत सगळं सांगितलं. तू त्याला माझ्या आईची शपथ घातली होतीस, ती त्यानं मोडली.

म्हणजे चौदा तारखेला बाबा गॅरेजात पडले. मला टायर मोजायला लावत होते तेव्हा. उजवी बाजू गेली, पण बोलत होते. जड, वाकडं, पण बोलत होते. डॉक्टरांनी मला कागद दाखवले. सत्तावीस तारखेला दुसरा झटका आला आणि तेव्हापासून आवाज गेला. परत येईल का विचारलं, तर ते म्हणाले, आशा ठेवायला हरकत नाही. ज्या तऱ्हेनं म्हणाले, त्यावरून मी समजले.

तेरा दिवस, आत्या. मी आठ तारखेला घरी आले असते तर मी त्यांच्यासोबत गॅरेजातच असते.

तुला दोष द्यायला मी लिहीत नाहीये. मी सांगितलं असतं तर तूही सांगितलं असतंस, हे मला कळतं. माझी जी शर्यत मोडू नये म्हणून तू हे लपवलंस, ती तेव्हा नव्हतीच. मी तासन्‌तास इथे खुर्चीवर बसून हेच उलटंपालटं करते. कुठूनही सुरुवात केली तरी तिथेच येते.

एक तारखेला दोन वाजता मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला. वाटलं, निदान बघतील. दिवे विझले, गाड्या सुटल्या. त्यांनी एकदाही तिकडे पाहिलं नाही. माझ्या प्लास्टरकडे बघत होते. मग डाव्या हातानं ते चाचपायला लागले, कोपरापासून बोटांपर्यंत, हळूहळू, पत्र्यावर कुठे पोचा आलाय ते बघतात तसे. तेवढ्यानंच दमले. शर्यत कोण जिंकलं मी पाहिलं नाही.

आत्या, मला एकच विचारायचंय. नर्स सांगते, त्या तेरा दिवसांत ते सारखं काहीतरी सांगत होते. तिला मराठी येत नाही. केतन रात्रीच यायचा, तोवर औषधानं त्यांना झोप लागलेली असायची. दिवसभर त्यांच्याजवळ तूच होतीस. ते काय म्हणत होते?

हर्षला

———

पोशीर,
७ जून २०२५

हर्षला बाय,

जयभीम लिवायची हिंमत होत नाय, तरी लिवते.

तू आलीस तेव्हा मी थांबले नाय. तुझ्यासमोर कसं उभं राहायचं ते मला कळेना, म्हणून पळाले.

पहिल्या दिवशीचं मला नीट माहीत हाय. केतननं जगदीशच्या तोंडाला कान लावला होता आणि मला खुणेनं सांगितलं. "पोरीला कळवू नका. शर्यत होऊ दे." एवढं तो म्हणाला. हे तुला मी मागं लिवलं होतं, तुझ्या बापाची इच्छा हाय म्हणून. तेवढं खरं होतं.

त्याच्या पुढचं मला माहीत नाय.

मी रोज सकाळी सातपासून त्याच्या उशाशी बसायचे. तो बोलायचा. रोज बोलायचा. पण त्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं, अर्धे ओठ हलायचे, अर्धे नाय. मी बारा वर्षं माणसांची तोंडं वाचून दिवस काढलेत, आणि माझ्या भावाचं तोंड मला वाचता आलं नाय. मी वाकायचे, हनुवटी धरायचे, उजेडाकडं वळवायचे. तो परत म्हणायचा. मी मान हलवून हो म्हणायचे, म्हणजे त्याला वाटावं कळलं. पण त्याला समजायचं की मला कळलं नाय. मंग तो परत पहिल्यापासून सुरू करायचा. जन्मभर कमी बोलणारा माणूस, त्याला बोलावंसं वाटलं तेव्हा समोर बहिरी बसली होती.

एकदा पाटी-पेन्सिल दिली. उजवा हात चालत नव्हता, डाव्यानं त्यानं एक उभी रेघ मारली आणि पेन्सिल सोडून दिली. ती रेघ कशाची ते मला सांगता येत नाय.

कोणाला तरी बोलवायला पाहिजे होतं. आज हे कळतं. शेजारच्या खाटेपाशी बसणाऱ्या बाईला म्हटलं असतं, जरा ऐक गं हा काय म्हणतो, तर तिनं ऐकलं असतं. पण मला वाटायचं, कळलं तर ते तुला कळवावं लागेल, आणि कळवलं तर तू गाडी सोडून येशील. एक तारीख होऊ दे, मंग सगळ्यांना बोलवून ऐकवीन, असं मी मनात धरून बसले. तारीख यायला पाच दिवस होते तेव्हा त्याचा आवाज गेला.

एकच गोष्ट मी धरून ठेवलीय. त्याचे ओठ दोनदा मिटायचे. घरी आल्यावर मी आरशासमोर बसून एकेक शब्द म्हणून बघितला. तुझं नाव घेताना ओठ मिटत नायत. पोरी म्हणताना एकदाच मिटतात. पाणी म्हणतानापण एकदा. दोनदा पाणी मागत असेल. मी पाणी द्यायचे, तो प्यायचा, आणि परत तेच म्हणायचा. तेव्हा पाणी नसेल. का असेलपण.

पडद्याचं विचारशील. लोकांना मी स्वतः उभी राहून सांगितलं, हर्षलाचा हात मोडला, ती यंदा नाय. खुर्च्या परत केल्या. कोण काय बोललं नाय, निदान मला दिसेल असं नाय.

आता जे लिवते ते लिवलं नसतं तरी चाललं असतं. पण आपल्या दोघींत आता लपवालपवी पुरे झाली. परवा केतननं तुझं पत्र आणलं, त्याच दिवशी मी तुला उत्तर लिवलं होतं. त्यात लिवलं होतं की तो तुझ्या गाडीबद्दल विचारायचा, तुझं कौतुक करायचा, राग गेला म्हणाला. दोन पानं झाली. वाचायला फार चांगलं वाटत होतं. मलाच खरं वाटायला लागलं. तुलापण वाटलं असतं, आणि तू ते जपून ठेवलं असतंस. काल सकाळी भात शिजत होता तेव्हा ते चुलीत घातलं आणि आज हे लिवायला बसले. तो काय म्हणाला ते मला कळलं नाय, हर्षला. एवढंच माझ्याकडं हाय.

सोमवारी पहिल्या गाडीनं येते. तू तिथं खुर्चीवर झोपतेस असं केतन म्हणाला, मी आल्यावर घरी जाऊन पाठ टेक. त्याच्याआधी मला काय बोलायचं ते बोलून घे. नर्सचा, शेजारच्यांचा विचार करू नको. फक्त बोलताना तोंड माझ्याकडं ठेव आणि सावकाश बोल. मला सगळं कळलं पाहिजे.

तुझी,
पुतळाआत्या